फुजी नाइन जीपी: दाढेत भरायचं सिमेंट, पण कुठल्या दाढेत?

'सध्या सिमेंट भरतो, पक्कं नंतर बघू' असं म्हणून ग्लास आयोनोमर (काचेची पावडर आणि आम्लाचं लिक्विड कालवून होणारं दातात भरायचं सिमेंट) भरायची आपल्याकडे सवय आहे. जीसी कंपनीच्या फुजी नाइन जीपीला त्या रांगेत बसवणं चुकीचं आहे. योग्य जागी आणि नीट कालवून भरलं, तर ही वर्षानुवर्षं टिकणारी भरणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ग्लास आयोनोमरला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे.

जागा आधी ठरवा. दाढेच्या एकाच पृष्ठभागावर कीड असेल, तर पुरावा भक्कम आहे. ड्रिलशिवाय, हाताच्या हत्यारांनी कीड काढून हे सिमेंट भरायच्या 'एआरटी' पद्धतीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण पाहिलं, तर दुधाच्या दातांतल्या एका पृष्ठभागाच्या सुमारे ९४ टक्के भरण्या २ वर्षांनी शाबूत होत्या. दोन दाढांच्या फटीतली कीड असेल, म्हणजे एकाहून जास्त पृष्ठभाग असतील, तर हाच आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास येतो. कारण उघड आहे: सिमेंट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून कडेचा उंचवटा चावताना तुटतो. दुधाच्या दाढेत अशी कीड असेल आणि नस निरोगी असेल, तर हॉल पद्धतीनं, म्हणजे दात न कोरता, कीड आत बंद करून स्टीलची कॅप बसवणं जास्त भरवशाचं.

आता कालवणं. प्रमाण ३.६ ग्रॅम पावडरला १ ग्रॅम लिक्विड, म्हणजे एक सपाट स्कूप आणि एक थेंब. बाटली आधी हलकेच आपटून पावडर मोकळी करायची आणि स्कूप बाटलीच्या कडेला सपाट करायचा. लिक्विडची बाटली आधी आडवी धरून मग सरळ उलटी करायची. तिरक्या बाटलीतून पडलेल्या थेंबात बुडबुडा असला की मोजमाप बिघडतं. पावडरचे दोन भाग करा. पहिला भाग १० सेकंदांत, दुसरा १५ ते २० सेकंदांत कालवा. मिश्रण घट्ट वाटतं म्हणून पावडर कमी घेणं ही सर्रास होणारी चूक. पातळ सिमेंट भरायला सोपं जातं, पण ते लवकर झिजतं आणि लाळेत विरघळतं. मग दोष मालाला लागतो.

कालवायला सुरुवात केल्यापासून भरून होईपर्यंत मिळतात साधारण २ मिनिटं, तीही २३ अंश तापमानाला. विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या दवाखान्यात एवढा वेळ मिळत नाही. तिथे थंड केलेली काचेची पाटी वापरावी, मात्र तिच्यावर दव नको. मिश्रणावरची चकाकी गेली की ते टाकून द्या. दाताला धरणारी आम्लं तोवर संपत आलेली असतात.

खड्ड्याच्या कडा स्वच्छ हव्यात, तळाशी मात्र नसेजवळचा चिवट किडका भाग ठेवला तरी चालतो. सगळं खरवडून काढण्यात नस उघडी पडायचा धोका जास्त. १० टक्के पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल २० सेकंद लावा, धुवा, कापसानं टिपा. हवेचा फवारा मारून दात कोरडा ठणठणीत करू नका. सिमेंट भरून व्हॅसलिन लावलेल्या बोटानं दाबा. पहिली काही मिनिटं लाळ लागली तर पृष्ठभाग खडूसारखा होतो, उलट उघडं राहून वाळलं तर चिरा पडतात, म्हणून लगेच व्हार्निशचा संरक्षक लेप हवा. घासकाम कालवायला सुरुवात केल्यापासून ६ मिनिटांनी, पाण्याच्या फवाऱ्याखाली. रुग्णानं तासभर त्या बाजूनं चावू नये.

फ्लोराइडची जाहिरात मनावर घेऊ नका. ते पहिले काही दिवस भरपूर सुटतं, मग झपाट्यानं कमी होतं. शेजारचा दात त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. रंगही कंपोझिटइतका (दाताच्या रंगाच्या रेझिनच्या भरणीइतका) जुळत नाही, त्यामुळे समोरच्या दातांत दिसेल अशा जागी आम्ही सुचवणार नाही. पण लहान मूल, लाळ आवरत नसलेले आजोबा, शाळेतलं शिबिर, जिथे दात कोरडा ठेवणं अशक्य आणि कंपोझिट हमखास फसणार, तिथे हेच घ्यावं.

वरचा थर झिजला म्हणून जुनी भरणी उपसून काढायची गरज नसते. कडा घट्ट असतील आणि खाली कीड नसेल, तर पृष्ठभाग खरबरीत करून, तेच आम्ल लावून वर नवा थर द्या.

पावसाळ्यात पावडरचं झाकण लगेच लावा, ओल लागलेली पावडर गुठळ्या धरते. लिक्विड फ्रिजमध्ये ठेवू नका, ते घट्ट होतं आणि थेंब नीट पडत नाही.