एअरबॅगचा दिवा पेटला आणि वॉरंटी संपलेली: खर्च कोणी उचलायचा?

गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो पेटलेलाच राहिला, तर यंत्रणेला स्वतःतच काहीतरी बिघाड सापडला आहे आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नाही. सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावतात, एस्टिमेट हातात देतात आणि सांगतात, "वॉरंटी संपलीय, खर्च तुमचा."

अशा वेळी तुमच्यापुढे तीन वाटा असतात. सांगतील तेवढे पैसे भरून मोकळं व्हायचं, कंपनीला खर्चात वाटा उचलायला लावायचं, किंवा दोष कंपनीचाच आहे म्हणून पूर्ण दुरुस्ती फुकट मागायची. दिवा तसाच ठेवून गाडी चालवणं ही वाट मी धरतच नाही. तो दिवा काढून टाकणारे किंवा बायपास करून देणारे महाभाग भेटतात, त्यांच्या नादी तर अजिबात लागू नका.

माझ्या मते हा प्रश्न वॉरंटीच्या तारखेवर सोडवूच नये. पार्ट का बिघडला, हे पाहून सोडवावा. ब्रेक पॅड आपण रोज वापरतो, ते झिजतात, त्याचे पैसे आपण द्यायचे, यात वाद नाही. टायरचंही तेच. एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा भाग, मात्र वर्षानुवर्षं नुसता बसून असतो. आयुष्यात एकदा, क्षणार्धात काम करायचं, एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो. सीटबेल्ट झटक्यात आवळणारा प्रीटेन्शनरही तसाच. ज्या वस्तूचा एकदाही वापर झाला नाही, ती बिघडली तर तिला 'झीज' म्हणणं मला पटत नाही. तिथे पहिला हिशोब बनवणाऱ्याकडेच मागायला हवा.

याचं सर्वांत मोठं उदाहरण टाकाटा या जपानी कंपनीचं. तिच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं आणि त्यातल्या अनेकांत ओलावा शोषणारा पदार्थच नव्हता. उष्ण, दमट हवेत वर्षं गेली की ते रसायन खराब व्हायचं आणि अपघातात एअरबॅग फुगवण्याऐवजी धातूचं कवच फोडून त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर फेकायचं. जगभरात सुमारे 10 कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि 2017 मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. हा दोष नव्या गाडीत दिसणाराच नव्हता. वॉरंटीची मुदत जिथे संपते, साधारण त्याच्या पुढे तो उगवायचा. तरीही गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी इन्फ्लेटर फुकट बदलून दिले, कारण सुरक्षेच्या रिकॉलचा, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवण्याचा, वॉरंटीशी संबंध नसतो. गाडी तिसऱ्या मालकाकडे असली तरी रिकॉल लागू राहतो.

रिकॉललाही काही ठिकाणी वयाची मर्यादा असते. अमेरिकेत गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून 15 वर्षांपर्यंत फुकट दुरुस्ती करणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं. सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं. म्हणून एस्टिमेटवर सही करण्याआधी आपला चासी नंबर कंपनीच्या किंवा सरकारी रिकॉलच्या यादीत तपासा. काही मिनिटांचं काम आहे आणि अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

यादीत तुमचा नंबर नसेल तर खरी कसोटी. कंपन्यांचं म्हणणं एवढ्या सहज झटकून टाकण्यासारखं नाही. त्या म्हणतात, गाडी कुठे उभी राहिली, तिच्यात पाणी शिरलं का, बाहेर कोणी वायरिंगला हात लावला का, हे आम्हाला कसं कळणार? आयुष्यभराची जबाबदारी घ्यायची तर तो खर्च प्रत्येक नव्या गाडीच्या किमतीत चढेल. हे खरं आहे. पण एका गाडीचा मालक फक्त आपली एक गाडी पाहतो. तोच पार्ट हजारो गाड्यांत बिघडतोय की नाही, हे फक्त कंपनीला दिसतं.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण इथे आठवतं. किल्लीला जागेवर धरून ठेवणारा आतला भाग कमजोर होता. जड किल्ल्यांचा जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागला की किल्ली फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. कंपनीत हे वर्षानुवर्षं माहीत असलेले लोक होते. मधल्या काळात पार्ट सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे बाहेरून तपासणाऱ्याला जुना आणि नवा यातला फरक कळायलाच मार्ग नव्हता. रिकॉल आला 2014 मध्ये. पुढे कंपनीच्याच नुकसानभरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. माहिती ज्याच्या हातात, पुराव्याचा भारही त्याच्यावरच असायला हवा, असं मी ठामपणे म्हणतो ते यामुळे.

आता कंपनीला पत्र लिहिण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते पाहा. सीटखाली पिवळ्या वेष्टनाची वायर आणि ती जोडणारा पिवळा कपलर असतो. सीट मागे-पुढे सरकवून तो सैल झाला असेल तर खर्च किरकोळ, भरून टाका, वाद घालू नका. साइड एअरबॅग असलेल्या सीटवर न जुळणारं कव्हर चढवलं असेल, बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवताना वायरिंग कापलं असेल किंवा कार्पेटखाली पाणी साचून कपलर गंजला असेल, तर जबाबदारी मालकाची. स्टीअरिंग फिरतानाही त्यातल्या एअरबॅगची जोडणी टिकवणारी स्पायरल केबल मात्र या दोन्हींच्या मधली आहे. ती प्रत्येक वळणाला हलते, म्हणून ती झिजते असं कंपनी म्हणेल. पण कमी चाललेल्या गाडीत ती गेली, तर निम्मा खर्च मागण्यात गैर काही नाही. यालाच कंपन्या गुडविल म्हणतात: बहुधा पार्ट त्यांचा, लेबर तुमचं. सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदी असलेल्या गाडीला तो मिळण्याची शक्यता जास्त. डीलरकडे तोंडी विचारून थांबू नका, कंपनीला लेखी विचारा. इन्फ्लेटर, प्रीटेन्शनर किंवा एअरबॅगचं मॉड्यूलच आपोआप गेलं असेल, तर निम्म्यावर तडजोड करण्याआधी पूर्ण खर्च मागा.

विमा इथे फारसा कामाचा नाही, तो अपघाताच्या नुकसानीसाठी असतो. एक्स्टेंडेड वॉरंटीत काय वगळलंय ते घेण्याआधी वाचा, कारण काही योजनांत एअरबॅगच वगळलेली असते.

ग्राहक न्यायालयाची वाट लांबची आहे, पण बंद नाही. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात 2022 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल ग्राहकाच्या बाजूने दिला. टक्कर किती वेगाने आणि किती जोराने झाली, याचं भौतिकशास्त्र ग्राहकाला माहीत असावं ही अपेक्षा न्यायालयाने फेटाळली. कोणी जखमी झालं असेल तर हीच वाट घ्या. फक्त दिवा पेटला असेल आणि कंपनी ऐकत नसेल, तर आधी सरकारी रिकॉल यंत्रणेकडे तक्रार नोंदवा. एकाच मॉडेलच्या तक्रारी साचल्या की चौकशीला पाया मिळतो.

उत्तर यायला महिने लागत असतील तर मात्र थांबू नका. दुरुस्ती करून घ्या, पैसे भरा, पण जुना पार्ट मागून घ्या. स्फोटक असल्यामुळे इन्फ्लेटर देणार नाहीत, तर त्याच्या लेबलचा आणि नंबराचा फोटो काढा. जॉब कार्डवर एरर कोड लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढे त्याच दोषासाठी रिकॉल आला, तर आधी भरलेले पैसे परत मागता येतात. अमेरिकेत तशी परतफेडीची योजना कंपन्यांना कायद्यानेच ठेवावी लागते. इतरत्रही कंपनीकडे किंवा ग्राहक न्यायालयात मागायला तेच बिल लागेल.