हीट पंप की गॅस फर्नेस: हिवाळ्यात कुणाची देखभाल झेपेल?

घर गरम ठेवायला हीट पंप (म्हणजे दोन्हीकडे चालणारा हॉट अँड कोल्ड एसी) घ्यावा की गॅसची फर्नेस (म्हणजे गॅस जाळून हवा गरम करणारी आणि ती नळांतून घरभर खेळवणारी भट्टी), हे ठरवताना बहुतेक जण बिलाचा हिशेब मांडतात. देखभालीचा कुणी मांडत नाही, आणि दोघांतला मोठा फरक तिथेच आहे. हीट पंपाची हेळसांड झाली तर बिल फुगतं. फर्नेसची झाली तर जिवावर बेतू शकतं.

फिल्टर

हीट पंपाच्या आतल्या युनिटची जाळी दर दोन ते चार आठवड्यांनी कोमट पाण्याने धुवायची आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवायची. उन्हाळ्यात ती तुंबली तर कॉइलवर (आतल्या धातूच्या नळ्यांच्या जाळ्यावर) बर्फ धरतो आणि लगेच कळतं. हिवाळ्यात तसं होत नाही. कॉइलची उष्णता खोलीत न जाता अडकते, रेफ्रिजरंटचा (नळ्यांतून उष्णता वाहून नेणाऱ्या वायूचा) दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि शेवटी स्वतःला वाचवायला बंद पडतो.

फर्नेसचा घडीदार फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो: अडीच सेंटिमीटर जाडीचा १ ते ३ महिन्यांनी, १० सेंटिमीटरचा ६ ते १२ महिन्यांनी. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) दिशेने असावा. धूळ नको म्हणून सर्वांत बारीक फिल्टर लावण्याचा मोह होतो. डक्ट (हवेचे नळ) आणि ब्लोअर तेवढ्या ताकदीचे नसतील तर मर्व्ह (फिल्टर किती बारीक, ते सांगणारा आकडा) ८ ते ११ पुरे. हवा कमी पडली की आतलं तापमान वाढतं, लिमिट स्विच (जास्त तापल्यावर तोडणारा सुरक्षा स्विच) बर्नर विझवतो, पंखा मात्र चालूच राहतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. घर कोमटच राहतं आणि लोक थर्मोस्टॅटला दोष देतात.

हीट पंप: नजर बाहेर हवी

बाहेर ५ अंशांच्या खाली दमट हवा असली की बाहेरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. यंत्र मग काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं (यालाच डिफ्रॉस्ट म्हणतात). तेवढ्यात आतला पंखा थांबतो, बाहेर वाफ निघते, व्हॉल्व्ह फुस्स करतो. हा बिघाड नव्हे. यासाठी मेकॅनिक बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात. चक्र संपल्यावरही जाड बर्फ तसाच असेल, तर मात्र डिफ्रॉस्टचा सेन्सर, पंखा, व्हॉल्व्ह किंवा कमी झालेलं रेफ्रिजरंट तपासायला लागेल. तोवर यंत्र बंद करून कोमट पाणी ओता. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका: आतली तांब्याची नळी फुटली तर कॉइलच बदलावी लागते.

बर्फ पडणाऱ्या ठिकाणी युनिट नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा वर राहील अशा स्टँडवर ठेवा, समोर निदान ६० सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. आणखी एक गोष्ट बसवतानाच बघा. वितळलेलं पाणी बाहेरच्या युनिटच्या तळातून निघतं. कडाक्याच्या थंडीत तिथे पाइप जोडला तर पाणी त्यातच गोठतं आणि बर्फ पंख्यापर्यंत चढतो. ते मोकळं ठिबकू द्यावं. मेन स्विचही चालू ठेवावा, कारण थांबलेल्या कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवायला बऱ्याच यंत्रांत छोटा हीटर असतो.

फर्नेस: ज्योत आणि धूर

बर्नर पेटतो, काही सेकंदांत विझतो, दोनतीनदा तसंच होऊन यंत्र लॉक होतं. बहुतेकदा कारण फ्लेम सेन्सर असतं: बर्नरसमोरची पेन्सिलपेक्षा बारीक सळई. ज्योतीतून तिच्यात काही मायक्रोअँपिअर करंट जातो. काजळी किंवा थर धरला की तो इतका घटतो की ज्योत असूनही यंत्राच्या कंट्रोल बोर्डाला दिसत नाही, आणि तो गॅस तोडतो. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून एक स्क्रू काढायचा, सळई बारीक स्टील वूलने हलकी पुसायची, तिच्या बुडाच्या पोर्सिलिनला धक्का लागू द्यायचा नाही.

घरच्या माणसाने करायचं काम इथे संपतं. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवती दिसली तर ज्वलन अर्धवट होतंय. हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या कप्प्याला) तडा, गॅसचा दाब, धुराड्याचा ओढा हे वर्षातून एकदा, थंडीआधी, तंत्रज्ञाकडूनच तपासून घ्यायचं. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म हवाच. तो वाजला तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये पाण्याचा ट्रॅप (धुरातून साठणारं पाणी बाहेर काढणारी वाकडी नळी) आणि बाहेरच्या प्लास्टिक नळ्याही मोकळ्या ठेवाव्या लागतात. नळीवर बर्फ साचला की प्रेशर स्विच (धुराची वाट मोकळी आहे का ते बघणारा) यंत्र पेटूच देत नाही.

मग घ्यायचं काय?

हिवाळा शून्याच्या आसपासच राहत असेल, तर आमचा कौल हीट पंपाला. ७ अंशांना चांगलं यंत्र एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतं, शिवाय उन्हाळाही त्यावरच भागतो. पण ते बारा महिने राबतं, म्हणून फर्नेसपेक्षा बहुधा लवकर झिजतं. महिनोन्‌महिने उणे १५च्या खाली जाणाऱ्या, गॅसची लाइन असलेल्या आणि वर्षाला तंत्रज्ञ नक्की मिळणाऱ्या घरात फर्नेस ठीक. तिच्या जोडीच्या एसीचं बाहेरचं युनिट वरून झाका, पण चहूबाजूंनी गुंडाळू नका, ओल आणि उंदीर आत राहतात. हीट पंप तर हिवाळ्यात मुळीच झाकायचा नाही. दोन्ही एकत्र बसवणंही चालतं, फक्त मग दोन्हींची देखभाल तुमच्याच डोक्यावर.