कब कॅडेट १२८ : इंजिन खणखणीत, जीव मात्र एका पिनेत

पुलिंगसाठी, म्हणजे ट्रॅक्टरने वजनाची घसरगाडी (स्लेड) ओढण्याच्या स्पर्धेसाठी, गिअरचा कब कॅडेट १२८ हा बागेतला छोटा ट्रॅक्टर घ्यावा का, असे उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोणी विचारले असते, तर मी डोळे झाकून होकार दिला असता. होकार आजही देईन, पण आधी ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकाची पिन पाहून घ्या, ही अट घालून. ओहायोतल्या एका काउंटी फेअरमध्ये स्लेडवरची वजनाची पेटी निम्मी वाटसुद्धा सरकली नव्हती, इंजिन पूर्ण जोमात होते, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. चाके ढिम्म, इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर आवाज आवरू पाहतोय आणि पायांमधून नुसती कडकड ऐकू येतेय, अशी ती अवस्था होती.

कोहलर के-३०१ इंजिनाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. २९ घनइंच, मिनिटाला ३६०० फेऱ्यांना १२ अश्वशक्ती आणि बिडाचा ब्लॉक हे सर्वांना ठाऊक आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने हे मॉडेल १९७१ ते १९७४ या काळात काढले, तरी माझे इंजिन अजून पहिल्या प्रयत्नात सुरू होते. मी स्टॉक, म्हणजे मूळ इंजिनाच्या, वर्गात उतरतो आणि गव्हर्नरला हात लावत नाही. फेऱ्या वाढवायच्या तर मूळचा ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड आणि बिडाचे फ्लायव्हील दोन्ही बदलून भोवती पोलादी संरक्षक कवच बसवावे लागते, आणि त्या सगळ्याची बेरीज माझ्या ट्रॅक्टरच्या किमतीपुढे जाते. मागचा गिअरबॉक्स फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातला असल्यामुळे बागेत गवत कापणाऱ्या यंत्राच्या मानाने अवाजवी दणकट आहे. खरी अडचण या दोन दणकट गोष्टींच्या मधोमध आहे.

ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरबॉक्सचे कपलिंग यांना जोडणारी पिन भरीव नसते. पोलादाची पातळ पट्टी सुरळीसारखी गुंडाळून ती केलेली असते. एका सिलिंडरचे इंजिन सलग ओढत नाही, दर दोन फेऱ्यांना एक ठोसा देते, आणि तो प्रत्येक ठोसा या पिनेतून पुढे जातो. भोकात पिन घट्ट असते तोवर सारे ठीक चालते. किंचित ढिलाई आली की पिन भोकाच्या कडांवर हातोडीसारखी आपटू लागते, गोल भोक अंडाकृती होते आणि नवी पिनही मग फार काळ टिकत नाही. माझ्या शाफ्टचे भोक एका बाजूला इतके ओढले गेले होते की त्याची कड बोटाला लागत होती.

पुढचा संताप विक्रेत्यावरचा. दुरुस्तीचा संच मी एका ऑनलाइन दुकानातून मागवला, त्याचे नाव येथे घेत नाही. संचात गुंडाळीच्या पिनेऐवजी उभी फट असलेली साधी रोल पिन आली. जाडी तीच आहे, मग फरक काय पडतो, असे उत्तर मला लेखी मिळाले. फरक असा पडतो, की धक्के सोसताना गुंडाळी सर्व बाजूंनी सारखी दबते, तर फटीच्या पिनेवर ताण फटीच्या समोरच्या बाजूला एकवटतो. बदली देण्यास ते तयार झाले, पण परतीचे टपाल माझ्या माथी. म्हणजे डॉलरच्या आतल्या वस्तूसाठी तिच्या कित्येक पट खर्च. मी ती पिन परत पाठवली नाही. पत्रव्यवहार मात्र तत्त्वासाठी महिनाभर चालू ठेवला.

दरम्यान पिनेविषयीचे माझे मत बदलले. पुलिंगवाले अनेक जण ती काढून कडक बोल्ट घालतात आणि मीही तेच करण्याच्या बेतात होतो. परंतु सरकवून बसवलेल्या बोल्टभोवती केसभर का होईना फट राहते, आणि भोक खराब व्हायला तेवढी पुरते. शिवाय बोल्ट तुटलाच नाही तर तो धक्का थेट गिअरच्या दातांवर जातो, आणि ते दात डॉलरभरात मिळत नाहीत. म्हणून नवा शाफ्ट, दुसरीकडून आणलेली खरी गुंडाळीची पिन आणि क्लचची जास्त ताणाची स्प्रिंग एवढेच बदलले. स्लेडची साखळी आधी ताणून घेऊन मग क्लच सोडतो. झटका द्यायला नियमांतही मनाई असते. तेव्हापासून कडकड ऐकू आलेली नाही.

टायर, पुढची वजने आणि हिचची (साखळी अडकवायच्या जागेची) उंची यांवर प्रत्येक क्लबचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तिकडे वळत नाही. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाके फिरवणारा, १२९ स्वस्तात मिळतोय म्हणून मोहात पडू नका. बागेसाठी तो सुखाचा, पण स्लेड ओढताना त्याची बरीचशी ताकद तेल तापवण्यात जाते. जुना शाफ्ट विकत घेणार असाल तर नवी पिन सोबत न्या. ती हातानेच भोकात शिरली, तर शाफ्ट तिथेच ठेवा आणि भावाची चर्चासुद्धा करू नका.