उशाशी पिस्तूल ठेवायची पेटी: दोन वर्षं वापरून झाल्यावर

आधीच सांगते, बंदूक घ्यावी की नाही हा वाद इथे घालायचा नाहीये, तो आमच्या घरात सहा महिने घालून झालाय. ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, नवरा ऑफशोअरला तेलाच्या रिगवर, 14 दिवस समुद्रात 14 दिवस घरी, म्हणजे अर्धा महिना घरात मी आणि दोन पोरं, एक नऊ वर्षांची आणि एक चार वर्षांचा, जो उघडता येईल ते सगळं उघडून बघतो. ग्रीन कार्ड आल्यावर ग्लॉक 19 पिस्तूल घेतलं. (एच वन बी वाल्यांनी दुकानात जायच्या आधी नीट चौकशी करा, त्या व्हिसावर सहसा बंदूक घेताही येत नाही आणि बाळगताही येत नाही, "मित्राची आहे, नुसती ठेवलीय" हेही चालत नाही.) माझी अट एकच होती, आधी पेटी घरात येणार, मग पिस्तूल.

माझं माहेर फलटणकडचं. अण्णांकडे पीक संरक्षणाच्या लायसनवरची बारा बोअर होती. बंदूक गोदरेजच्या कपाटात, काडतुसं आजीच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली आजीच्या कनवटीला. निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा, अण्णा पावती पंचांगात जपून ठेवायचे. रात्री रानडुक्कर आलं तर आजी उठून किल्ली सोडेपर्यंत ते पोटभर ऊस खाऊन परत गेलेलं असायचं. सेफ म्हणाल तर शंभर टक्के सेफ, पण रात्रीच्या उपयोगाची शून्य. मला आजीच्या कनवटीसारखीच सेफ पण तीन-चार सेकंदांत उघडणारी वस्तू हवी होती.

ड्रॉवर, उशीखाली, कपाटावर उंच, हे ऑप्शन पहिल्याच दिवशी बाद. ग्लॉकला अंगठ्याने सरकवायचा वेगळा सेफ्टी खटका नसतो, ट्रिगरमध्येच एक पातळ पट्टी असते आणि ट्रिगर ओढला की तीही दबतेच, मग बोट माझं असो नाहीतर चार वर्षांच्या पोराचं. शिवाय टेक्ससचा कायदाही आहे, 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक ठेवली आणि ती त्याच्या हाताला लागली तर गुन्हा, आणि त्यातून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर आणखी वरचा गुन्हा. कायदा नसता तरी मी ड्रॉवरमध्ये ठेवलं नसतं ते सोडा.

पहिली घेतली ती बोटाच्या ठशाची पेटी, ऑनलाइन, स्वस्तातली, कंपनीचं नाव घेत नाही. दिवसा एकदम मस्त चालायची, बोट ठेवलं की टिंग करून उघडायची, नवरा पाहुण्यांना दाखवायचा (रिकामी, तेव्हा पिस्तूल यायचं होतं). मग मी म्हटलं रात्रीची टेस्ट घेऊ. अडीचचा अलार्म लावला, लाइट बंद, नवरा स्टॉपवॉच घेऊन उभा. मी झोपायच्या आधी हाताला क्रीम लावते हे आमच्या डोक्यातच नव्हतं. पहिल्यांदा लाल लाइट. बोट गाउनला पुसलं, परत लाल. तिसऱ्यांदा तर लाल लाइट आणि वर असा मोठा बीप की शेजारच्या खोलीतून पोरगं रडत आलं. दुसऱ्या आठवड्यात कणीक मळून, हात धुऊन परत करून बघितलं, तेच. बॅटरी उतरली की आणखी वेगळेच नखरे. एवढं होऊन नवरा म्हणे "सवय होईल". कोणाला, पेटीला?

आणि ठशाच्या पेट्यांचं एक मोठं प्रकरण सगळ्यांना माहीत पाहिजे. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे 61,000 पेट्यांचा रिकॉल जाहीर केला. त्यात गोम अशी की मालकाला वाटायचं आपला ठसा सेट झालाय, पण पेटी अजून फॅक्टरीच्याच मोडमध्ये, म्हणजे कोणाच्याही बोटाने उघडणार. अशा एका पेटीतून काढलेल्या बंदुकीने 12 वर्षांचा मुलगा गेला असा दावा कोर्टात होता. आमची पेटी त्यातली नव्हती, पण तुमच्याकडे ठशाची असेल तर आत्ता उठा, रिकामी करा, बंद करा आणि ज्याचा ठसा घातलेला नाही अशा घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा.

मग घेतली ती आत्ताची, फोर्ट नॉक्सची पिस्टल बॉक्स. युटामध्ये बनते, 10 गेजचं जाड स्टील, बॅटरी नाही, किल्ली नाही, स्क्रीन नाही. समोर एका ओळीत पाच बटणं आणि एक नॉब, बस. नॉब आधी डावीकडे फिरवून जुनं दाबलेलं क्लिअर करायचं, मग आपला कोड, मग उजवीकडे. एक बटण कोडमध्ये एकदाच वापरता येतं, पण दोन बटणं एकत्र दाबायचा कोडही ठेवता येतो, आणि हे अंधारात फार सोपं जातं कारण बटणं मोजत बसावं लागत नाही, हार्मोनियमवर सूर धरतो तशी बोटं आपली आपण जागेवर जातात. झाकणाला गॅसचा दांडा आहे, नॉब फिरवला की झाकण स्वतःच वर येतं. पहिल्या रात्री मला अकरा सेकंद लागले कारण क्लिअर करायचं विसरले होते (पोरगं दिवसभर येताजाता बटणं दाबत असतं, त्याला वाटतं लिफ्ट आहे). पंधरा दिवस रोज रात्री रिकाम्या पेटीवर प्रॅक्टिस केली, आता तीनच्या आसपास येते. फॅक्टरीचा कोड मात्र पहिल्या दिवशी बदला, तो सगळ्या जगाला माहीत असतो.

बसवायची मात्र कटकट झाली. नुसती ठेवली तर चोर बगलेत मारून नेईल, म्हणून खालून बोल्ट मारावे लागतात, आणि आमचं नाईटस्टँड भुशाच्या फळीचं, त्यात बोल्ट म्हणजे बिस्किटात खिळा. जमिनीला भोकं पाडायला नवरा तयार नाही. शेवटी गराज सेलमध्ये ओकचं जुनं जाडजूड नाईटस्टँड मिळालं, दिसायला भयाण, पण त्याच्या खालच्या फळीला चार बोल्ट मारून पेटी पक्की केली. झोपल्या झोपल्या हात खाली सोडला की बरोबर नॉबवर येतो.

आता ती रात्र. गेल्या सीझनला वादळाचा इशारा आला म्हणून यांची रिग रिकामी केली, नवरा लुइझियानाहून रात्रीचाच गाडी काढून निघाला, फोनची बॅटरी संपलेली. दीड वाजता गराजचं दार वाजलं. मला कॅलेंडरप्रमाणे तो आणखी पाच दिवस यायचा नव्हता. हात खाली गेला, नॉब डावीकडे फिरवला, पहिली दोन बटणं दाबली आणि तेवढ्यात खालून आवाज, "ए, मीच आहे गं, कढी उरलीय का?" मी बटणं सोडली, नॉब परत डावीकडे फिरवला आणि पाच मिनिटं तशीच पलंगावर बसून राहिले. खाली मायक्रोवेव्हचा आवाज येत होता. तीन सेकंद मी कमी करायला निघाले होते, त्या रात्री ते होते म्हणून बरं झालं. तेव्हापासून एक नियम, चार्जर गाडीत कायम, आणि फोन केल्याशिवाय आपल्याच घराचं दार उघडायचं नाही.

तक्रारी आहेत. आतला फोम ह्यूस्टनची दमट हवा धरून ठेवतो, दोन महिन्यांत पिस्तुलाच्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) तांबूस ठिपका दिसला, आता सिलिका जेलची पुडी ठेवते आणि महिन्याला तेलाचं फडकं फिरवते. झाकण वर येताना धप्प आवाज होतो. कोड विसरलात तर किल्लीचा पर्याय नाही. आणि पिस्तुलाबरोबर टॉर्च ठेवायला जागा हवी असेल तर आधी मापं घ्या, मी टॉर्च बाहेर ठेवते, तोही उशाशीच, आणि खरं सांगायचं तर आजवर रात्री उठल्यावर तोच वापरलाय.

पैसे वसूल, पाचपैकी साडेचार, अर्धा त्या फोमचा कापला.

ठशाची जुनी पेटी टाकवेना म्हणून तिच्यात आता पासपोर्ट ठेवतो. डिसेंबरमध्ये पुण्याला निघताना पहाटे चारला, उबर दारात उभी, आणि पेटी लाल लाइट दाखवत बसली. किल्लीने उघडायची असते, पण ती कुठे ठेवलीय हे शोधण्यात वीस मिनिटं गेली.