साडेतीन हजारांत चार मुलाखतकार

मुलाखतीची तयारी करून घेणारा क्लास आहे, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि रत्नागिरीत उद्या बाजारात तोंड दाखवायचंय. मारुती मंदिरच्या आसपास, मोबाइलच्या दुकानावर, दुसरा मजला, एवढं पुरे. सहा शनिवार, ३,५०० रुपये. मी पावसची, केमिस्ट्रीत बी.एस्सी., लोट्याच्या (तिथल्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या) दोन मुलाखतींत आधीच आपटलेली. "तुला येतं गो सगळं, पण सांगूक जमत नाय," हे आईकडून ऐकून ऐकून शेवटी पैसे भरले.

पहिले दोन शनिवार फुकट गेले. शंभर प्रश्नोत्तरांची झेरॉक्स वही देतात आणि पाठ करा म्हणतात. तुमचा दोष कोणता? तर "मी फार परफेक्शनिस्ट आहे." आमच्या बॅचमधल्या तिघींनी ओळीने हेच सांगितलं. ऐकणाऱ्या मॅडमनी चौथीला विचारलंच नाही. ती वही मी घरी कैऱ्या झाकायला वापरते.

खरा माल पुढच्या चार शनिवारांत आहे. दर वेळी समोर वेगळा माणूस आणि सुरुवात मात्र एकच, "स्वतःबद्दल सांगा."

पहिले निवृत्त बँक अधिकारी. मान खाली, लिहितायत. माझं एका मिनिटात संपलं. ते गप्प. पंखा खडखडतोय. मला राहवेना, म्हणून कॉलेजनंतर एनएसएसचं शिबिर सांगितलं, मग काकांची कलमं, मग त्या बागेच्या हद्दीवरून चाललेला दावा. तेव्हा मान वर आली. "हे मी विचारलं होतं?" मग समजावून सांगितलं की समोरचा लिहीत असला तर त्याची मान वर येईपर्यंत थांबायचं. तो गप्प आहे म्हणजे नाराज आहे असं नव्हे, त्याचा हात तुझ्या तोंडामागून येतोय. मागच्या दोन्ही मुलाखतींत मी कुठे घसरले होते ते तिथे खुर्चीतच कळलं.

दुसऱ्या आल्या त्या मॅडम एका कंपनीत एचआरला होत्या. त्यांना प्रसंग हवा. काय घडलं होतं, तुझ्यावर काय काम होतं, तू काय केलंस, शेवटी काय झालं, या क्रमाने. मी प्रत्येक वाक्य "आम्ही" ने सुरू करत होते. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं आगाऊपणाचं वाटतं ना. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी केलंत ते छान, पण पगार मी तुला एकटीला देणार आहे."

आणि पुढच्याच शनिवारी तीच "मी" उलटी पडली! लोट्याला वीसेक वर्षं प्रॉडक्शनला काढलेले सर आले. त्यांना माझ्या गोष्टीत काडीचा रस नव्हता. वाक्य पुरं होऊ देत नाहीत. प्रश्न थेट लॅबमधले: कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची नेमकी तीव्रता काढणं, म्हणजे स्टँडर्डाइज करणं. त्यासाठी केएचपी नावाची आम्लधर्मी पावडर वापरतात आणि रंग बदलला की थांबायचं, तो एन्ड पॉइंट.

"कॉस्टिक स्टँडर्डाइज कशाने करतेस?"

"केएचपीने."

"सरळ वजन करून का नाही घेत?"

"हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो, सर. वजनावर भरवसा नाही."

"एन्ड पॉइंट?"

"गुलाबी."

"किती गुलाबी?"

इथे मी अडकले. रोज बघितलेला रंग, पण शब्दांत कधी मांडला नव्हता. "फिकट. हलवल्यावर तीसेक सेकंद टिकला पाहिजे." "आणि गडद झाला तर?" "पुढे गेलं सर, परत करायचं." ते एवढंच म्हणाले, "हां, परत करायचं. हे सांगायला लाजू नको." मध्येच तोडतात तो राग नसतो, शिफ्टची सवय असते. अशा माणसाला आधी उत्तर, मग कारण, आणि तेही विचारलं तरच. चौघांत हे सर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

चौथे पुण्याहून व्हिडिओवर. अर्धा वेळ नेटवर्क गेलं, त्यामुळे त्यांचा प्रश्न पुरता संपल्यावर श्वासभर थांबून बोलायचं, एवढंच पदरात पडलं. हा शनिवार भरून द्यायला हवा होता, दिला नाही. पावतीही तीनदा मागितल्यावर मिळाली.

जानेवारीत परत लोट्याला बोलावणं आलं. पहाटेची एसटी, हायवेचं खोदकाम, परशुराम घाटात ट्रकच्या मागे रांग. तरी वीस मिनिटं आधी पोचले. समोर दोघं. एक लिहिणारे, त्यांना ओळखलं आणि थांबत गेले. दुसरे मात्र क्लासच्या चौघांत कुठेच बसेनात. "पावस का? मोहोर कसा आहे यंदा?" मी सैलावले. तुडतुड्यांबद्दल बोलले, काकांच्या फवारणीबद्दल बोलले. ते अगदी ओटीवर बसल्यासारखे ऐकत होते. मग त्याच सुरात, "लिटरला अर्धा मिली औषध धरलं, तर दोनशे लिटरच्या बॅरलला किती?" शंभर मिली. "आणि काका मोजतात कशाने?"

खरं सांगायचं की शोभेल ते सांगायचं?

"बाटलीच्या झाकणाने," म्हटलं. "लॅबमध्ये मी पिपेट घेईन." दोघंही हसले. लिहिणाऱ्यांनी तेही लिहून घेतलं.

गप्पा मारत मारत तपासणारा माणूस क्लासने एकदा तरी समोर बसवायला हवा. आपल्या भागात तोच जास्त भेटतो. मार्चपासून मी क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे, तरीही पाचात साडेतीनच तारे देईन. दीड त्या वहीचे आणि पुण्याच्या शनिवारचे कापले.

जाणार असाल तर फोनवर आधी विचारा, लोट्याचे सर कुठल्या बॅचला येतात. मिळाले तर त्यांचे दोन शनिवार मागून घ्या. आणि भिंतीकडची खुर्ची धरू नका, पंखा तिथवर पोचत नाही.