थरथर बुडाखाली, टायर बदलले पुढचे

आधी हिशेब सांगतो, बाकीचं नंतर. व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट 1,400. पुढचे दोन टायर 15,600. शाफ्टचं सेंटर बेअरिंग, दोन क्रॉस आणि मजुरी 6,800. क्राउन-पिनियनसाठी, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीसाठी, दिलेला ॲडव्हान्स 10,000. एकूण 33,800 रुपये. यातल्या एकाही कामाची माझ्या गाडीला गरज नव्हती, आणि एक काम तर झालंच नव्हतं. गाडीचं खरं दुखणं शेवटी 900 रुपयांत गेलं.

मी निफाड तालुक्यातला. घरची थोडी शेती आणि दीड टन पासिंगची एक पिकअप. संध्याकाळी गावातला टोमॅटो, कोथिंबीर भरायची, मध्यरात्रीनंतर वाशी मार्केटला टेकवायची, सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत. पूर्वी हा सगळा प्रवास कसारा घाटातून व्हायचा. तिथे गाडी थरथरली तर आपण रस्त्याला शिव्या देतो, गाडीवर संशय घेत नाही. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आम्ही सिन्नरला चढून आमण्याला उतरायला लागलो. सिमेंटचा सपाट रस्ता, मालवाहू गाड्यांना ताशी 80 ची मर्यादा, काटा पाऊण तास एकाच जागी. अशा रस्त्यावर गाडीच्या अंगात काय काय आहे ते सगळं कळतं. मला ऑगस्टमध्ये कळलं.

70 पर्यंत काही नाही. 75 ओलांडलं की सीटखालून बारीक गुणगुण सुरू. भुंगा डब्यात कोंडल्यासारखी. पायाखालचा पत्रा झिणझिणायचा, आरशातली मागची गाडी दोन दिसायची. इगतपुरीजवळच्या त्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यात तर आवाज घुमून आणखी मोठा व्हायचा. स्टिअरिंग मात्र शांत. आणि हे सगळं परतीला, गाडी रिकामी असताना. जाताना माल भरलेला असला की इतकं जाणवायचं नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवा: स्टिअरिंग शांत, आणि रिकामी गाडी जास्त वाईट. आजार त्यातच लिहिलेला होता. मी तो वाचला नाही आणि ज्याने वाचायला हवा होता त्याला वाचायचा नव्हता.

परतीच्या वाटेवर, हायवेला लागून एक मोठं गॅरेज आहे. नाव सांगत नाही. बाहेर चकाचक बोर्ड, आत अलाइनमेंटची मशीन, बसायला सोफा, गेल्या गेल्या चहा. मालक तिशीतला, बोलायला गोड. मी म्हटलं, ‘‘75 च्या पुढे सीटखाली व्हायब्रेशन येतंय.’’ त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पोराला हाक मारली, ‘‘शेठची पुढची चाकं काढ रे.’’ मला आयुष्यात शेठ म्हणणारी माणसं कमी. तिथेच मी निम्मा फसलो होतो.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरलं आणि आकडा आला 85 ग्रॅम. दुसऱ्याचा 70. ‘‘बघा शेठ, इतकं वजन कमी-जास्त असल्यावर गाडी नाचणारच.’’ मशीन कशाला खोटं बोलेल? मीही तेच म्हटलं. ती का बोलते ते पुढे ओळखीच्या एका टायरवाल्याने दाखवलं. चाक मशीनच्या दांड्यावर कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा लोखंडी तुकडा, लावून अगदी मधोमध बसवावं लागतं. कोन मुद्दाम चुकीच्या मापाचा घेतला, किंवा चाक किंचित तिरकं आवळलं, की चांगलं चाकसुद्धा 60-80 ग्रॅम दाखवतं. पकडण्याची युक्तीही त्यानेच सांगितली. बॅलन्स झालेलं चाक सैल करून दांड्यावर अर्धा फेरा फिरवायला लावायचं, पुन्हा आवळून मशीन चालवायची. काम सरळ असेल तर आकडा शून्याच्या आसपासच राहतो. बसवण्यातच लबाडी असेल तर तो पुन्हा उसळतो. हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही बघून घ्या.

1,400 देऊन निघालो. दुसऱ्या दिवशी भुंगा तिथेच.

पुन्हा गेलो. आता टायरला आतून गाठ आल्याचं निघालं. पुढचे दोन्ही टायर बदलले. जुन्यांचे 600 रुपये वजा करून घेतले आणि वर उपकार केल्यासारखं बोलला. टायरच्या बाजूवर उत्पादनाच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते वाचायला मी शिकलो ते टायर बसवून महिना झाल्यावर. माझ्या ‘नव्या’ टायरवर 3419 होतं. म्हणजे 2019 सालचा चौतिसावा आठवडा. सहा वर्षं कुठेतरी पडलेला माल मला 2025 मध्ये नव्याच्या भावात मिळाला. भुंगा अर्थात तिथेच. थरथर माझ्या बुडाखाली आणि टायर बदलले पुढचे, हे मला तेव्हा खटकलं नाही, याची आजही लाज वाटते.

तुम्ही विचाराल, तिसऱ्यांदा कशाला गेलास? पैसे गुंतलेले असतात ना. दुसरीकडे गेलं तर तो म्हणणार, आधीचं काम मी बघणार नाही. शिवाय हा म्हणाला होता, ‘‘मजुरीत कमी करून देतो, आपलीच गाडी आहे.’’ आणि रोज रात्री माल होता. टोमॅटो झाडावर थांबत नाही.

तिसऱ्या वेळी मात्र तो बरोबर जागेजवळ पोचला. अंदाजाने की चुकून, देव जाणे. ‘‘शेठ, जॉइंट गेलाय.’’ गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे चाकांना फेरा वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यापर्यंत, जो लांब शाफ्ट जातो त्याला आम्ही जॉइंटच म्हणतो. माझ्या गाडीत तो दोन तुकड्यांचा आहे, मध्ये तो पेलणारं सेंटर बेअरिंग, आणि जोडांवर क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे फुलीसारखे तुकडे. त्याने शाफ्ट उतरवला आणि मला सोफ्यावर बसवलं. गाडीखाली येऊ दिलं नाही, ‘‘शेठ, कपडे खराब होतील.’’ दोन तासांनी बोलावून टॉर्च मारून दाखवलं. सेंटर बेअरिंगची ब्रॅकेट चांदीसारखी चकचकीत, क्रॉसही चकचकीत. जुना माल मी मागून घेतला, भंगारात शे-दोनशे येतात म्हणून. रबर फाटलेलं, गंजलेलं बेअरिंग पोराने गोणपाटात बांधून दिलं. मला वाटलं, चला, एकदाचं सापडलं.

त्या दिवशी गाडी 60 लाच ओरडायला लागली.

चौथ्या फेरीत क्राउन-पिनियन. डिफरन्शियलचं ऑइल काढलं, बोटावर चोळून उन्हात धरलं. ‘‘चमकतंय बघा, धातू झिजतोय.’’ ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळी पेस्ट होती तीही दाखवली. आता माहीत आहे की चाललेल्या गाडीच्या त्या चुंबकावर बारीक पेस्ट जमतेच, चुंबक त्यासाठीच असतं. काळजी करायची ती तुकडे किंवा कपचे निघाले तर. तेव्हा मी घाबरलो. 28,000 सांगितले, 10,000 ॲडव्हान्स घेतला. माल मागवायला चार दिवस लागतील, तोवर हळू चालवा. पैसे क्यूआर कोडवर गेले. मोबाइलवर नाव भलत्याच बाईचं आलं. पावती म्हणून वहीचा फाटका कागद: ‘पिकअप, ॲड 10’. गाडीचा नंबर नाही, गॅरेजचं नाव नाही, सही नाही.

त्या चार दिवसांत मावसभावाने मला ओढत ओझरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. सगळे त्यांना आबा म्हणतात. बोर्ड नाही, सोफा नाही, लिंबाखाली दोन जॅक आणि एक बाज. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘‘भरलेली असताना का रिकामी?’’

मी थांबलोच. महिनाभरात हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला होता.

मग एकामागून एक. स्टिअरिंगला की सीटला? अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वाढतं की कमी होतं? हे कधीपासून? त्याच्या आधी गाडीला काय काम केलं होतं? शेवटच्या प्रश्नाला मी जरा चाचरलो. मग शेजारी बसून मला सर्व्हिस रोडवर गाडी पळवायला लावली. आवाज सुरू झाला तसा म्हणाले, ‘‘क्लच दाब.’’ इंजिनचा आवाज खाली आला, भुंगा तसाच. मग त्याच वेगाला पाचवा सोडून चौथा टाकायला लावला. इंजिन ओरडलं, भुंग्यात फरक नाही. ‘‘म्हणजे इंजिन नाही. चाकाच्या वेगाशी बांधलेलं आहे.’’ रस्ता सरळ आणि पूर्ण मोकळा असेल तरच हे करा, आणि गाडी न्यूट्रलला टाकून उताराला सोडू नका.

मग बाजेवर बसून त्यांनी हिशेब मांडला. 80 ला असलेलं आपलं चाक सेकंदाला साधारण दहा फेरे मारतं. चाक बिघडलं तर धक्के मोजता येतील असे लागतात, धडधड, आणि पुढचं असेल तर आधी स्टिअरिंग सांगतं. शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो, सेकंदाला चाळीसच्या वर. त्याचे धक्के मोजता येत नाहीत, त्यांची गुणगुण होते. ‘‘तू भुंगा म्हणालास तेव्हाच मला कळलं. त्या गॅरेजवाल्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.’’

गाडीखाली मलाही झोपवलं. कपडे खराब झाले. डिझेलच्या चिंधीने शाफ्टचा सरकता जोड पुसला तर दोन्ही तुकड्यांवर खुणेचे बाण निघाले. ते समोरासमोर हवेत. माझ्या गाडीत ते जोडाचे तीन दात फिरवून बसवलेले. शाफ्ट उतरवताना खूण केली नाही आणि चढवताना बाण बघितले नाहीत, की क्रॉस पकडणारे शाफ्टच्या टोकांचे दोन्ही चिमटे एका रेषेत राहत नाहीत आणि एकाचा झटका दुसरा मारत नाही. 60 ला ओरडायला लागली ती यामुळे. मग नखाने सेंटर बेअरिंगची ब्रॅकेट खरवडली. चंदेरी रंगाची पापडी निघाली, खाली माझंच जुनं ग्रीस. स्प्रे मारला होता. क्रॉसवरही तेच.

‘‘मग हे कुठलं?’’ म्हणून मी गोणपाटातलं बेअरिंग काढलं. आबांनी ते हातात फिरवलं, भोकात बोट घातलं. आपल्या शाफ्टच्या मापाचंच नव्हतं ते. रबराच्या घडीत माती बसली होती, ती चिमटीत चोळून त्यांनी मला दाखवली. लालभडक. ‘‘कोकणात किती फेऱ्या झाल्या तुझ्या?’’

माझी गाडी निफाडच्या काळ्या मातीत वाढलेली. कोकणातल्या बांधावर तिचं चाक कधी लागलेलं नाही. कुणाच्या तरी गाडीचं मेलेलं बेअरिंग ते गॅरेजवाले ठेवणीत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘तुमचा जुना माल’ म्हणून देत होते. मी जुना माल मागितला म्हणून ते दचकले नाहीत, उलट मी फसणार याची त्यांना खात्रीच झाली असेल. जुना माल मागणं पुरेसं नाही. तो तुमच्या गाडीतून निघताना बघितला पाहिजे. निदान आधी मोबाइलवर फोटो काढा, किंवा पार्टवर खिळ्याने एक ओरखडा मारून ठेवा.

पण मूळ आजार, तो ऑगस्टमधला? तो माझाच. टोमॅटोच्या सीझनआधी मी मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, एक-एक पाटा (लोखंडी पट्टी) वाढवून घेतला होता. दीड टनाच्या गाडीत दोन टन घालायचे तर कमान बसते, म्हणून सगळेच वाढवतात. आबांच्या प्रश्नाला मी चाचरलो तो यामुळे. जादा पाट्याने रिकाम्या गाडीची मागची बाजू वर उचलली, शाफ्टचा कोन बदलला आणि क्रॉस वाकड्यात फिरायला लागले. माल भरला की कमान बसायची, कोन सरळ व्हायचा, भुंगा झोपायचा. आबांनी दोन्ही पाटे काढले, बाण जुळवून शाफ्ट बसवला, ग्रीस मारलं. 900 रुपये. मी हजार देऊ केले तर शंभर परत दिले.

10,000 मागायला गेलो तेव्हा मालक सोफ्यावर होता. शेठचा आता दादा झाला होता. ‘‘दादा, बिल दाखवा.’’ फाटका कागद दाखवला. ‘‘हे कुणाचंही असेल.’’ बेअरिंग पुढे ठेवलं तर हसला. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली आहे. त्यांनीही पहिल्यांदा बिलच विचारलं. क्यूआरच्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट, टायरच्या कोडचा फोटो आणि आबांच्या हातची पावती जोडली. आबांनी ती वहीच्या पानावरच लिहिली, पण गाडीचा नंबर, तारीख, काय उघडलं, काय सापडलं, सगळं आहे. पुढे काय होईल ते होईल. तुम्ही मात्र जीएसटी नंबर छापलेलं बिल आणि त्यावर पार्टचा नंबर घेतल्याशिवाय पैसे सोडू नका, आणि क्यूआरवर गॅरेजचं नाव आलं नाही तर तिथेच हात आखडा. सीटखाली गुणगुण असेल तर खर्चाआधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एक फेरी मारा. थरथरीची जागा बदलली नाही तर टायरचा दोष नाही. याला जॅक आणि अर्धा तास लागतो, बाकी काही नाही.

2019 चे टायर स्टेपनीलाही लावायची हिंमत होत नाही, ते अंगणात पडून आहेत. वडील म्हणतात, आता कांदा निघेल, पाटे परत चढव, एका फेरीला दोनशे-तीनशे किलो जास्त बसतात. मी काही बोललो नाही. एक पाटा म्हशीच्या गव्हाणीखाली टेकू म्हणून गेला आहे, दुसऱ्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.