घरपोच रक्ततपासणी : वेळ चोख, हातमोज्यांचे मात्र नशिबावर

वडिलांच्या मधुमेहामुळे दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासावी लागते. त्यासाठी पुण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबची घरी येऊन रक्त घेण्याची सेवा आम्ही दोनदा घेतली. सकाळी सातची वेळ दोन्ही वेळा पाळली गेली, अहवालही संध्याकाळपर्यंत मिळाला. त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्या वेळी आलेला तरुण निळे हातमोजे घालूनच दारात उभा होता. त्याच हातांनी त्याने बेल वाजवली, मोबाइलवर नाव पाहिले, बॅगेची चेन उघडली आणि वडिलांच्या दंडाला पट्टा बांधला. शीर सापडेना, तेव्हा तर्जनीवरचे मोज्याचे टोक फाडून, स्पिरिटने पुसून झालेल्या जागी त्याने उघड्या बोटाने पुन्हा चाचपले आणि कातडी ओली असतानाच सुई टोचली. मोजे बदलणार का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "नवेच आहेत काका, आज सकाळीच घातलेत." आमच्याआधी त्याची किती घरे झाली होती, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

मोजा घातला की हात स्वच्छ झाला, हा समज इथे मुळाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्त घेण्यापूर्वी हात धुवावेत, प्रत्येक रुग्णासाठी नवे मोजे घालावेत, स्पिरिट सुमारे 30 सेकंद वाळू द्यावे आणि पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावू नये. हे मोजे निर्जंतुक असण्याची गरज नसते. पण एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याकडे नेणारा मोजा उघड्या हाताइतकाच धोक्याचा. शिवाय त्या मुलाने वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवले, यात जोखीम त्याचीच होती: एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन असते, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी जास्त.

तक्रारीनंतर, दुसऱ्या खेपेस एक ताई आल्या. त्यांनी आधी बेसिन कुठे आहे ते विचारले, हात धुतले, शीर चाचपून घेतली, मग खोक्यातून नवे मोजे काढले आणि "आजोबा, मूठ आवळा" म्हणत एकाच टोचण्यात दोन्ही ट्यूब भरल्या. सुई टोपण न लावता थेट जाड पांढऱ्या डब्यात गेली, मोजे लाल पिशवीत; जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम हेच सांगतात. पट्टा मात्र तोच, कळकट कापडी, सगळ्यांच्या दंडाला लागणारा.

पाचपैकी तीन तारे. पुढच्या तपासणीसाठी त्याच ताईंना पाठवा अशी विनंती मी केली. "ज्यांची ड्यूटी असेल ते येतील," असे फोनवर सांगण्यात आले.